केस मोजून फर उतरत नाही

पेन्सिल नव्याने हातात घेतलेल्याला एक सल्ला सगळीकडून मिळतो: "प्राण्याची फर हुबेहूब हवी ना? मग प्रत्येक केस वेगळा काढा. पेन्सिलीला कायम टोक ठेवा. केस जितके जास्त, तितकं चित्र खरं. शेवटी बोटाने हलकंसं घासा, म्हणजे फर मऊ दिसेल." सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण सल्ला चुकीचा आहे, आणि त्यापायी कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या चित्रातच पेन्सिल खाली ठेवतात, याचं मला वाईट वाटतं.

"प्रत्येक केस वेगळा" यापासूनच सुरुवात करू, कारण मुळातली चूक इथे आहे. समोर बसलेल्या मांजराकडे थोडं लांबून बघा. सुटे केस कुठे दिसतात? कानाच्या कडेला, गालाच्या बाहेरच्या रेषेवर, छातीवरच्या झुबक्यांत आणि जिथे गडद पट्टा संपून उजळ रंग सुरू होतो तिथे. पाठीवर, कुशीवर दिसतो तो फक्त उजेड आणि सावली. डोळ्याला जे सुटं दिसत नाही, ते कागदावर सुटं काढलं की फर न दिसता गवत दिसतं. शिवाय केस एकेकटे राहत नाहीत. त्यांचे पुंजके होतात, आणि दोन पुंजक्यांमधल्या फटीत अंधार साचतो. काढायचा तो अंधार. फटी नीट गडद केल्या की मधली उजळ राहिलेली जागा आपोआप केसांचा पुंजका होते. माझ्या पहिल्या कुत्र्याचा कान मी केस-केस करून भरला होता. तो शेवटपर्यंत सपाटच राहिला, कारण कानाची वळलेली कडा आणि आतली सावली मी काढलीच नव्हती.

या सल्ल्याला पुरावा म्हणून जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा ससा दाखवतात. १५०२ सालचं हे चित्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. ते पेन्सिलीचं नाही, जलरंगाचं आणि अपारदर्शक रंगाचं आहे. पण ते असो. महत्त्वाचं हे की ड्यूररने आधी तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन पाया घातला आणि मग त्यावर गडद-उजळ फटकाऱ्यांनी केस चढवले. म्हणजे ज्या चित्राचा दाखला देतात, त्यातही केस नंतर येतात.

"जितके केस जास्त तितकं खरं" हेही टिकत नाही. फर खरी वाटते ती केसांच्या दिशेमुळे आणि लांबीमुळे. कुत्र्या-मांजराच्या चेहऱ्यावर केस नाकापासून मागे वळतात: कपाळावर वरच्या बाजूला, गालांवर बाहेर आणि खाली. नाकाच्या दांड्यावर ते अगदी आखूड, मानेवर लांब. कुत्र्याच्या छातीवर भोवराही सापडतो. म्हणून शेडिंगआधी फिकट बाणांनी दिशेचा नकाशा काढून घ्या. प्राणी समोरून बघत असेल तर जे केस थेट आपल्याकडे रोखलेले असतात, ते जवळजवळ ठिपक्याएवढे आखूड दिसतात. नवख्याचा हात इथेच चुकतो. तो सगळीकडे सारख्याच लांबीची रेघ ओढतो आणि तोंड चपटं होतं. रेघ मुळाशी थोडी दाबून सुरू करावी आणि टोकाशी हात उचलून घ्यावा. सगळ्या रेघा समांतर नकोत; काही टोकाशी एकमेकींकडे झुकू द्या.

पेन्सिलीला कायम टोक ठेवा, हे म्हणणं अर्धं खरं आहे. टोक लागतं, पण शेवटी. पहिला थर एचबी पेन्सिल आडवी धरून, हलक्या हाताने द्यावा. त्यावर तिच्याहून मऊ आणि गडद २बी, आणि सगळ्यात खोल सावलीला त्याहूनही मऊ ४बी किंवा ६बी. एचबी कितीही दाबली तरी काळी होत नाही, नुसती चमकते. कठीण पेन्सिल दाबून ओढली की कागदात खाच पडते आणि पुढचं ग्राफाइट (पेन्सिलीचं शिसं) तिच्यात बसत नाही. मिशांसाठी मात्र हीच खाच मुद्दाम पाडता येते: शेडिंगआधी शाई संपलेल्या रिफिलने मिशीची रेघ दाबून ओढा, वरून हलकं शेडिंग करा, रेघ पांढरीच राहते.

बोटाने मुळीच घासू नका. त्वचेचं तेल लागलं की डाग पडतो आणि तो खोडरबरानेही नीट निघत नाही. मऊपणा हवा असेल तर काही कडा ठळक न करता सावलीत विरून जाऊ द्या.

आणि पांढरा ससा? प्रत्येक केस वेगळा काढायचा म्हटलं तर पांढऱ्या फरीतला प्रत्येक केस राखाडी रेघ होणार आणि ससा राखाडी दिसणार. तिथे पोटाखालची सावली काढा, कानामागची काढा, मग पार्श्वभूमी गडद करून तिची बारीक टोकं सशाच्या कडेच्या केसांमध्ये घुसवा. मळता येणारा खोडरबर चिमटीत दाबून धारदार करा आणि सावलीतून दोन-चार केस उचलून काढा. बाकीचा ससा म्हणजे कोरा कागद.