आरईटी बसवली म्हणून टॉवरवर चढणं सुटत नाही

टेलिकॉमवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: आरईटी (अँटेनाचा बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, दुरून झुकवणारी मोटर) आल्यामुळे अँटेना ऑफिसात बसून फिरवता येते, टॉवरवर चढायचं काम संपलं, एआयएसजी हे या मोटरा आणि कंट्रोलर जोडण्याचं सामाईक स्टँडर्ड असल्यामुळे कुठल्याही कंपनीचा माल कुठेही जोडा, आणि कनेक्टर जेवढा आवळाल तेवढं पाणी बाहेर राहील. प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो पटतो.

‘अँटेना फिरवता येते.’ अँटेना जागची हलत नाही. मोटर आतले फेज शिफ्टर सरकवते, त्यामुळे आतल्या एकेका एलिमेंटकडे (छोट्या अँटेनाकडे) जाणाऱ्या सिग्नलचा फेज बदलतो आणि बीम खाली झुकतो; हाच इलेक्ट्रिकल टिल्ट. हा खेळ बहुधा 10-12 अंशांच्या आतला. अँटेनाचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि ब्रॅकेटवर मेकॅनिकल टिल्ट (अँटेनाच वाकवून दिलेला झुकाव) किती दिलाय, हे नटबोल्टच्याच हातात. (दिशाही दुरून बदलणाऱ्या अँटेना आहेत, पण साधी आरईटी म्हणजे ते नव्हे.) स्क्रीनवर 4 अंश दिसतात आणि ब्रॅकेटवर आणखी 3 असतील, तर समोरचा बीम 7 वर गेलेला असतो. शिवाय मेकॅनिकल टिल्टने समोरचा बीम खाली येतो, मागचा वर जातो आणि बाजू जवळपास तशाच राहतात. इलेक्ट्रिकल टिल्ट सगळीकडे सारखा झुकवतो. त्यामुळे एकाची भरपाई दुसऱ्याने पूर्ण होत नाही.

‘चढायचं काम संपलं.’ हे कुणी म्हटलं की समजावं, याने साखळीतली तिसरी आरईटी कधी शोधलेली नाही. कंट्रोलरची केबल पहिल्या मोटरला, तिथून दुसरीला, मग तिसरीला. दुसरीच्या आउटपुटचा आठ पिनांचा गोल कनेक्टर सैल झाला की तिसरी स्कॅनमध्ये येतच नाही, मोटर ठणठणीत असली तरी. खोलून पाहिलं तर बऱ्याचदा रबरी रिंग सरकलेली आणि पिनांवर हिरवा थर. त्याच कनेक्टरमध्ये 10 ते 30 व्होल्टचा डीसी पुरवठा असतो. ओल्या पिना अशा वेळी फार लवकर सडतात. ऑफिसातून यावर काहीच करता येत नाही.

गंमत म्हणजे तोवर कॉल चालूच असतात. पुरवठा तुटला तरी टिल्ट शेवटच्या जागी राहतो, म्हणून बिघाड कुणाच्या लक्षात येत नाही. याहून वाईट म्हणजे अदलाबदल: पहिल्या सेक्टरच्या (टॉवरच्या एका दिशेच्या भागाच्या) नावावर दुसऱ्याची आरईटी नोंदवली गेली, तर कमांड यशस्वी दिसते आणि भलताच सेक्टर झुकतो. बसवतानाच कुठल्या अँटेनावर कुठला सीरियल नंबर आहे ते लिहून ठेवणं, हाच त्यावर स्वस्त उपाय.

‘कुठल्याही कंपनीचं चालतं.’ कनेक्टर, आरएस-485 (डेटा पाठवायची पद्धत), पुरवठ्याचं व्होल्टेज, इथपर्यंत खरं. पण मोटरला त्या विशिष्ट अँटेना मॉडेलची कॉन्फिगरेशन फाइल लागते. चुकीची फाइल चढली तर स्क्रीन 6 अंश दाखवते, फेज शिफ्टर भलतीकडे असतो आणि अलार्म येईलच असं नाही.

आता आवळण्याबद्दल. पाणी रबरी सील अडवतं, मनगटाचा जोर नव्हे. एआयएसजी कनेक्टरची रिंग हाताने घट्ट करायची असते. पक्कड लावली की आटे जातात. आरएफ (रेडिओ सिग्नलच्या केबलच्या) कनेक्टरची गोष्ट वेगळी, तिथे ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क रेंच हवाच: 7/16 प्रकारच्या कनेक्टरला 25 ते 30 न्यूटन-मीटर, तर स्क्रूवाल्या 4.3-10 प्रकाराला फक्त 5. जुन्या 7/16 च्या सवयीने 4.3-10 पिळणारे हात बरेच आहेत.

आणि आयपी67 हा धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा जोडलेल्या किंवा टोपी लावलेल्या कनेक्टरलाच लागू होतो. साखळीतल्या शेवटच्या आरईटीचा मोकळा पोर्ट टोपीविना सोडला, तर बाकीचे सगळे नीट आवळूनही पाणी तिथूनच शिरतं.