दोन बोटं, एक शाल

काल संध्याकाळी ठाण्यात किसननगर नाक्यावरच्या कट्ट्यावर, प्रेस मशीनमध्ये दोन बोटं गेलेल्या त्या पोराचा विषय निघाला आणि कटिंग तसंच गार झालं.

"माणसंच सहा. ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा लागू नाही, खासगी विमा काढलेला नाही," राजाभाऊ म्हणाले. "मालकाने वीस हजार दिले, स्टॅम्पपेपरवर सही घेतली. मिटलं." (राजाभाऊंचा वागळे इस्टेटात गाळा आहे, भाड्याने दिलेला. असो.)

मोरेने डाव्या हाताचं अर्धं बोट नाचवलं. टर्नर माणूस, बोट लेथने नेलं. "त्या कागदात शेंगदाणे बांधा. हक्क सोडल्याची सही कायद्याला चालत नाही. आणि विमा नाही ही मालकाची अडचण, पोराची नव्हे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून भरपाई मालकाच्याच बोडक्यावर आहे."

मग पुडीच्या कागदावर हिशोब. वय २५, पगार १२,०००, त्याचे ६० टक्के ७,२००. गुणिले २१६.९१, हा कायद्याच्या तक्त्यातला पंचविशीचा आकडा. एका हाताची दोन बोटं, म्हणून त्याचे २० टक्के. तीन लाख बारा हजार तीनशे पन्नास! महिनाभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, दंड वेगळा.

"एवढे कुठून आणेल मालक? प्रेसही बँकेच्या कर्जावर आहे."

"म्हणजे प्रेसचा विमा असणार. बँक सोडते होय? यंत्राचा विमा काढला, हाताचा राहिला!"

यावर राजाभाऊंनी कॅलिफोर्निया काढलंच. मुलगा तिकडे गेल्यापासून आमच्या नाक्यावरचं गटारसुद्धा तिकडच्या मापाने तुंबतं. "तिथे मालकाचा विमा नसेल तर सरकारी फंड पैसे देतो. मग मालकाकडून वसूल करतो."

"हे मात्र बरोबर बोललात," मोरे म्हणाला. (दिवाळीनंतर पहिल्यांदाच.) "आपल्याकडे पोराने आधी दावा लावायचा, तोही दोन वर्षांच्या आत. आदेश निघाला तरी वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, कलेक्टर कचेरीतून. तोवर मालक गाळा सोडून भिवंडीला नवीन पाटी लावून बसलेला. मग डकवा आदेश भिंतीवर."

कोणी बोलेना. मग पक्याला आठवलं. "राजाभाऊ, गणपतीत आपल्या मांडवाच्या बांबूवरून पोरगं पडलं, त्याला खजिनदारांनी काय दिलं होतं हो?"

"शाल-श्रीफळ."

"पडल्याबद्दल?"

"मंडळाची पद्धत आहे ती!"

"शाल पण आदल्या वर्षीचीच ना? पाहुण्यांनी खुर्चीवर विसरलेली?"

"आणि नारळ कुजका निघाला," मोरे म्हणाला. "पोरगं लंगडत परत आलं होतं नारळ घेऊन."

"मग बदलून दिला की नाही?" राजाभाऊ तडकलेच. "हिशोबाच्या वहीत नोंद आहे. नारळ, दोन नग!"

मोरेच्या नाकातून चहा आला.