ट्रॉलीच्या स्टँडखाली फळी ठेवून बॅटरी वाचत नाही

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय: केळीची ट्रॉली रात्री ट्रॅक्टरला जोडलेली राहिली की स्टँडच्या लोखंडातून करंट जमिनीत उतरतो, म्हणून खाली लाकडी फळी ठेवा.

हे चूक आहे. बॅटरीतून निघालेला करंट फिरून त्याच बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला यावा लागतो. बहुतेक ट्रॅक्टरचं निगेटिव्ह टोक चेसिसलाच, म्हणजे लोखंडी सांगाड्यालाच, जोडलेलं असतं. ते जमिनीला टेकलं तरी पॉझिटिव्ह टेकत नाही, मग सर्किट पुरं कसं होणार? काळ्या मातीत स्टँड रुतू नये म्हणून फळी जरूर ठेवा, तो भाग वेगळा.

बॅटरी उतरते ती वायरिंगमुळे. मागचे ५ वॅटचे दोन दिवे रात्रभर, म्हणजे १२ तास, जळाले तर साधारण १० अँपिअर-तास जातात. चांगली ७५ अँपिअर-तासांची बॅटरी तेवढं सोसते. पण ब्रेकच्या दिव्यांचा स्विच अडकला तर तेवढ्याच वेळात २१ वॅटचे दोन बल्ब ४२ अँपिअर-तास खातात, आणि सकाळी सेल्फ नुसता टिकटिक करतो. थेट बॅटरीवरून घेतलेला, चावी काढली तरी बॅटरी खाणारा टेप तर घरोघरी (गाण्याशिवाय ट्रॉली चालत नाही की काय!).

ट्रॉलीची वायर चावीच्या स्विचमागून, फ्यूज घालून घ्या. मुक्कामाला प्लग काढा. शंका असेल तर सगळं बंद करून निगेटिव्ह केबल सोडा आणि ती केबल व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प धरा. लॅम्प पेटला आणि प्लग काढताच विझला, तर दोष ट्रॉलीकडच्या वायरिंगमध्ये.