'फसवतो' हा शब्द मी मागे घेणार नाही

मागच्या आठवड्यात भिजलेल्या पिंजरातल्या, म्हणजे भाताच्या पेंढ्यातल्या, बुरशीवर लिहिलं होतं. तिचा बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, फुफ्फुसातल्या आपल्या पेशींना 'फसवतो', असं त्यात म्हटलं होतं. त्यावर 'एक वाचक, पुणे' यांची प्रतिक्रिया आली. काही दडवलं असं व्हायला नको, म्हणून ती जशीच्या तशी देतो : "बीजाणूला मेंदू नसतो, तो पेशींना 'फसवतो' म्हणणं बालिश आहे. निरोगी माणूस रोज शेकड्यांनी बीजाणू श्वासातून घेतो आणि त्याला काही होत नाही, हे तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलंत. उसाच्या चिपाडाच्या धुळीचा आजार बुरशीचा नव्हे, जिवाणूंचा. गावाकडच्या लोकांना घाबरवण्याआधी थोडं वाचत जा."

आदरणीय वाचक, आपण वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. जिवाणूंचं आपलं म्हणणं बरोबर. चिपाडात वाढणारा थर्मोॲक्टिनोमायसीस दिसायला बुरशीसारखा तंतुमय, पण जिवाणूच. ती ओळ दुरुस्त केली आहे.

आता 'वाचत जा'. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी २८ वर्षं विज्ञान शिकवलं. जांबोटीकडच्या पावसात भिजलेली गंजी आपण कधी उपसलीय का? वरचा थर काढला की आत हात भाजेल इतकी ऊब असते आणि हिरवट-राखाडी धूळ भस्सकन तोंडावर येते. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीला, म्हणजे लेखातल्या बुरशीला, अशी ऊब मानवते. आम्ही 'गावाकडचे लोक' ती धूळ लहानपणापासून खातोय. तिला घाबरायला आम्हाला ब्लॉग लागत नाही.

आणि 'बालिश'. हा शब्द वाचल्यावर मी चहा अर्धा टाकून उठलो, हे कबूल करतो.

या बुरशीचा बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचा, म्हणून नाका-घशात न अडकता थेट फुफ्फुसातल्या वायुकोशापर्यंत जातो. त्याच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची साखर असते. ती दिसली की जंतू गिळणाऱ्या आपल्या भक्षक पेशी अंगावरच्या डेक्टिन-१ या ओळखणाऱ्या प्रथिनानं (ग्राहीनं) तिला ओळखतात आणि बोंब ठोकतात. पण ती दिसत नाही, कारण वरून रोडए या प्रथिनाचा, पाण्याला दाद न देणारा थर असतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा थर आम्लानं उतरवून पाहिला, तो बनवणारं जनुक काढून पाहिलं. दोन्ही वेळा गप्प बसलेल्या पेशी जाग्या झाल्या. २००९ साली 'नेचर'मध्ये हे आलं. अंगावर पांघरूण घेऊन पहारेकऱ्यासमोरून जाणाऱ्याला तुमच्या पुण्यात काय म्हणतात?

गंजीतल्या धुळीचा तो हिरवट-राखाडी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. पेशीनं बीजाणू गिळला, तरी तो ज्या कप्प्यात बंद होतो तिथं आम्ल चढू नये अशी तजवीज हे मेलॅनिन करतं. मेलॅनिन बनवता न येणारा वाण पांढराफटक असतो आणि पेशी त्याला सहज मारतात. तिसरी गोष्ट तर लेखात जागेअभावी घातलीच नव्हती : २०२३ मध्ये जर्मनीतल्या येनाच्या संशोधकांनी दाखवलं, की बीजाणूवरचं एचएससीए हे प्रथिन श्वासमार्गाच्या पेशीतल्या पी-११ या प्रथिनाला धरतं आणि ज्या कप्प्यात बीजाणू पचायचा, तो पचनाच्या वाटेवरून वळवून पुन्हा बाहेर सोडायला लावतं. म्हणजे गिळलेला जिवंत बाहेर. याला मेंदू लागत नाही, मान्य. मांजर आडवं गेलं म्हणताना मांजरानं ठरवून केलं असं आपण धरतो का? भाषा आहे ती, साहेब.

माझ्या वडिलांना तरुणपणी टीबी झाला होता, बराही झाला. म्हातारपणी खोकल्यातून रक्त पडायला लागलं. एका मोठ्या दवाखान्यात बेडका न तपासता पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आठ महिने घेतल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढलं, तेव्हा टीबीनं पडलेल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा दिसला. ते आठ महिने मी रोज त्यांची पिकदाणी धूत होतो, आणि तुम्ही मला सांगताय थोडं वाचत जा! त्यांचं फुफ्फुस आधीच पोखरलेलं होतं, ते निरोगी नव्हते, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

निरोगी माणसाचा मुद्दा लेखात होता. शेवटी होता, पण होता.

यापुढे नाव न घालता आलेली प्रतिक्रिया इथं येणार नाही. ही येऊ दिली, ती जिवाणूंचं बरोबर होतं म्हणून.