शेठ, जर्मनीत अकरावा माणूस घेऊ नका

अभिनंदन! भोसरीतलं युनिट जोरात चाललंय आणि आता स्टुटगार्टजवळ एक शाखा काढायचं तुम्ही ठरवलंत. गणपतीची मूर्ती बॅगेत गेली, मेव्हण्याला मॅनेजर करायचा शब्दही घरी देऊन झाला. राहिला फक्त तिथला कामगार कायदा. माझं ऐका, तो वाचूच नका. झोप उडेल.

तुमचीच उडेल हं. कामगाराची झोप तिथे कायद्याने राखलेली आहे. एका दिवसाचं काम संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत मध्ये सलग 11 तास मोकळे लागतात. रात्री साडेदहाला “जरा ते एक्सेल उघड ना” म्हणून फोन केलात आणि तो अकराला संपला, तर गडी सकाळी दहाच्या आधी हाताला लागत नाही. साडेआठची मीटिंग तुम्ही आणि गणपती, दोघांत उरका. तासांची नोंद ठेवणंही मालकाचंच काम, असं तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने 2022 मध्ये सांगून टाकलंय. “आपण सगळे एक फॅमिली आहोत” असा रकाना त्या तक्त्यात नसतो.

रजेचं मात्र डोकं लढवा. पाच दिवसांचा आठवडा असेल तर वर्षाला किमान 20 दिवस पगारी रजा द्यावीच लागते. पण आपण गप्प बसायचं! कामाच्या रगाड्यात माणूस विसरेल, वर्ष सरेल, रजा आपोआप बुडेल. भोसरीत ही युक्ती कधी फसली नाही. जर्मनीत फसते. युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये आणि पाठोपाठ जर्मन न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं की “बाबा रे, तुझी इतकी रजा उरलीय, घे, नाहीतर जाईल” असं मालकाने स्वतःहून वेळेत बजावलं नसेल, तर ती रजा बुडतच नाही. म्हणजे आई जशी “दोन घास खाऊन जा” म्हणत दारापर्यंत येते, तसं तुम्ही रजेचा डबा घेऊन कामगाराच्या मागे फिरायचं. आणि रजेवर स्पेनच्या मयोर्का बेटावर गेलेला माणूस तिथे तापाने पडला, डॉक्टरचा दाखला मिळाला, की ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. समुद्रही त्याचा, रजाही त्याची.

आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार तुमच्या गल्ल्यातून. “काय झालंय नक्की?” हे विचारायला तुमची जीभ वळवळेलच. मालकाला मिळणाऱ्या दाखल्यावर आजाराचं नावच नसतं. व्हिडिओ कॉल लावून जीभ बाहेर काढायला सांगणार असाल, तर वकील आधी गाठा.

मग एक दिवस तुमचं टाळकं सरकेल आणि तुम्ही व्हॉट्सअॅपवर लिहाल, “उद्यापासून येऊ नका.” दोन निळ्या खुणा दिसतील, हायसं वाटेल. कायद्याच्या लेखी काहीही घडलेलं नसतं. ईमेल नको, पीडीएफ नको, स्कॅन केलेली सही नको. कागद हवा आणि त्यावर शाईची खरीखुरी सही. तिथले मुरलेले मालक ते पत्र आधी साक्षीदाराला वाचायला देतात, त्याच्यासमोर पाकिटात घालतात, त्याच्याच हाताने कामगाराच्या घरच्या पत्रपेटीत टाकवतात आणि वेळ लिहून घेतात. आपल्याकडे कुलदैवताला पहिली पत्रिका ठेवतानाही इतका सोपस्कार नसतो. बरं, कंपनीत ‘बेट्रीब्सराट’, म्हणजे कामगारांनी निवडलेलं मंडळ असेल आणि त्यांचं म्हणणं आधी ऐकून घेतलं नसेल, तर ते शाईचं पत्रही रद्दीच.

यातून थोडी पळवाट आहे, ती कानात सांगतो. दहापेक्षा जास्त माणसं झाली, की सहा महिने टिकलेल्याला काढायला कायद्याला पटेल असं कारण लागतं, आणि “डोक्यात जातो” हे त्यात बसत नाही. म्हणून दहावरच थांबा. मेव्हण्याला अकरावा म्हणून तर मुळीच घेऊ नका. त्याला काढणं तुम्हाला भोसरीतही जमलं नव्हतं.