‘सुई लावू नका, तसंच जाऊ द्या’ : एका फॉरवर्डला उत्तर

जळगाव, अमळनेर, धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर दत्तगुरूंचं चित्र, खाली जोडलेले हात, आणि मधे म्हाताऱ्या कुत्र्याला कॅन्सर झाल्यावर काय करावं याचा सल्ला. त्याचा सारांश असा: दहा वर्षांपुढच्या कुत्र्याला गाठ आली म्हणजे कॅन्सरच समजा. तिला तपासणीची सुई लावू देऊ नका, लावली की अंगभर पसरतो. किमो हा पैसे उकळायचा धंदा, कुत्रं कॅन्सरने नाही तर किमोने मरतं. भात-पोळी बंद करा, हळद आणि गोमूत्र सुरू करा. लहान मुलांना लांब ठेवा, लागण होते. आणि शेवटी, कुत्र्याने घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घेतलेलं असतं, म्हणून इंजेक्शन देऊन त्याला मारणं महापाप. एखाद्या देवस्थानाजवळ नेऊन सोडा.

माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. ढोरांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात आणि चिठ्ठी नसलेली माणसंही येतात. हल्ली ती हा मेसेज मोबाईलवर दाखवून हळदीच्या गोळ्या मागतात. प्रत्येकाशी काउंटरवर वाद घालणं जमत नाही, म्हणून हे लिहितोय.

“गाठ म्हणजे कॅन्सरच.” नाही. लॅब्राडोरसारख्या अंगाने भरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या बरगडीवर, छातीखाली मऊ, हलणाऱ्या गाठी येतात. त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या चरबीच्या असतात आणि कुत्रं त्या अंगावर घेऊनच आपलं आयुष्य पुरं करतं. कुत्रीच्या थानांना येणाऱ्या गाठींतही साधारण निम्म्या निरुपद्रवी निघतात. उलटंही होतं: मास्ट सेल ट्यूमर नावाचा कॅन्सर कधीकधी हाताला अगदी चरबीच्या गाठीसारखा लागतो. तेव्हा चाचपून “काही नाही, चरबी आहे” म्हणणारा आणि “कॅन्सर आहे” म्हणणारा, दोघेही अंदाजच मारतात.

त्यातही आपल्याकडच्या मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कुत्र्यांत एक गाठ वरचेवर दिसते. डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. नराच्या किंवा मादीच्या लघवीच्या जागी फुलकोबीसारखा लाल गोळा येतो, त्यातून रक्त ठिबकतं. कधी तो नाकात किंवा तोंडातही होतो. लोक “उष्णता झाली” म्हणून ताक पाजत बसतात. हा खराखुरा कॅन्सर आहे, आणि विचित्रही: त्याच्या जिवंत पेशीच संबंधातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. पण व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन आठवड्याला एक, असे साधारण चार ते आठ डोस दिले की यातली बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. मेसेजच्या हिशेबाने ही सगळी देवस्थानाजवळ सोडायची कुत्री होती.

आता सुई. गाठीत साध्या इंजेक्शनची सुई घालून थोड्या पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, एवढीच ही तपासणी. भूल द्यावी लागत नाही, बहुतेक कुत्री उभ्या उभ्या करून घेतात. सुईच्या वाटेत पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, हे खरं. त्या मुख्यतः मूत्राशयाच्या कॅन्सरच्या आहेत, आणि म्हणून तिथे पोटावरून सुई घालायचं डॉक्टर स्वतःच टाळतात. बाहेरून दिसणाऱ्या गाठीला त्याची भीती घालणं चूक. मला वाटतं हा समज उशिराने येणाऱ्यांमुळे पसरला. वर्षभर वाढू दिलेली गाठ घेऊन माणूस दवाखान्यात जातो, तोवर छातीत पसरलेलं असतं. महिन्याभरात कुत्रं जातं आणि खापर सुईवर फुटतं. थानाची गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर पुढची आशा कितीतरी चांगली असते. आणि काढण्याआधी छातीचा एक्स-रे मागणारा डॉक्टर बिल वाढवत नसतो, फुफ्फुसात आधीच गेलंय का ते बघत असतो.

याच संदर्भात एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण सांगायला हवी. जबड्याखाली दोन्ही बाजूंना, मागच्या गुडघ्यांच्या मागे एकदम गाठी सुजल्या तर तो लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, असू शकतो. अशा वेळी तपासणीआधीच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर गाठी झटकन बसतात, घरचे खूश होतात, आणि निदान अवघड होऊन बसतं. पुढे किमो करायचं ठरलं तर त्याचा गुणही कमी येतो. म्हणून आधी सुई, मग गोळी.

किमोबद्दल मेसेजने अर्धं खरं आणि अर्धं खोटं एकाच भांड्यात कालवलंय. माणसात किमो रोग मुळापासून काढायच्या हिशेबाने दिला जातो, म्हणून त्याचा मारा मोठा. कुत्र्यात हेतू असतो राहिलेले दिवस बरे जावेत हा, त्यामुळे मात्राही बेतानेच. एखाद-दोन दिवस उलटी, जुलाब, खाण्यावर मन नसणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरणं हे होतं. टक्कल मात्र सहसा पडत नाही. पूडल, ल्हासा यांसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे केस विरळ होतात, काहींच्या मिशा गळतात. लिम्फोमाचं कुत्रं काहीच न करता बहुधा महिना-दोन महिने काढतं. अनेक औषधांचा पूर्ण किमो केला तर त्यातल्या जास्त आढळणाऱ्या प्रकारात साधारण वर्षभर मिळतं. पायाच्या हाडाच्या कॅन्सरमध्ये नुसता पाय काढून चार-पाच महिने, पुढे किमोही केला तर दहा ते बारा. प्लीहेचा रक्तवाहिन्यांचा कॅन्सर सगळ्यात दगाबाज: कालपर्यंत हिंडणारं कुत्रं पोटात रक्तस्राव होऊन अचानक कोसळतं, आणि तिथे ऑपरेशनने, किमोनेही फार काही हाती लागत नाही.

खर्चाचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. टीव्हीटीचं व्हिन्क्रिस्टिन किमोच्या औषधांत अगदी स्वस्तातलं आहे आणि रक्त तपासून, नीट शिरेत देणारा डॉक्टर मिळाला तर ते आपल्या भागातही होतं. (शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं, त्यामुळे ‘आपणच टोचून बघू’ असं कुणी करू नये. मी चिठ्ठीशिवाय देतही नाही.) लिम्फोमाचा पूर्ण किमो म्हणजे पुण्या-मुंबईच्या फेऱ्या. परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, पण ते रावेर-यावलच्या माणसाच्या काय कामाचं? मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना म्हातारं कुत्रं भुसावळहून रेल्वेच्या ब्रेकव्हॅनच्या पेटीत घालून न्यायचं? एक शेतकरी मला म्हणाले, “आते तो म्हतारा व्हयी गया भाऊ, मुंबईले कसा लई जाऊ?” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुंबई नको म्हणणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. पण मुंबई नको म्हणजे दवाखानाच नको असं होत नाही. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा जवळच्या खाजगी डॉक्टरकडे गाठीचं नाव कळतं, आणि दुखणं कमी करायला तर तालुक्याचा डॉक्टरही पुरतो.

दुखणं. त्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये या गोष्टीचा साधा उल्लेख नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. हळद किती चमचे ते आहे, कोणत्या वारी सोडावं ते आहे, पण कुत्र्याला दुखतंय का हे कसं ओळखायचं ते नाही. कुत्रं सहसा ओरडत नाही. ओट्याची पायरी चढायचं टाळतं. रात्री जागा बदलत राहतं, गारव्यातही धापा टाकतं. एकच जागा चाटत बसतं. कडक भाकरी तोंडात घेऊन खाली टाकतं, कारण जबडा दुखतो. हाक मारल्यावर शेपटी हलते म्हणून “बरा आहे” म्हणू नका. शेपटी शेवटच्या दिवशीही हलते.

यावर घरोघरचा इलाज म्हणजे आपल्याच डब्यातली गोळी. कृपा करून नको. आयब्रुफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात जखमा करतात, रक्ताची उलटी होते, मूत्रपिंड जातं. पॅरासिटामॉलची मात्रा थोडी चुकली तरी यकृतावर येतं. कुत्र्यासाठी मेलॉक्सिकॅम, गॅबापेन्टिन यांसारखी औषधं आहेत, ती वजनावर आणि मूत्रपिंडाची तपासणी बघून डॉक्टर ठरवतात. स्टेरॉइड चालू असताना मेलॉक्सिकॅम चालत नाही, दोन्ही मिळून आतडं फाटू शकतं. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर दोन्ही एकत्रच दाखवा.

हळदीचं म्हणाल तर चिमूटभराने बिघडत नाही, घडतही नाही. तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं, आणि तिने कुत्र्याची गाठ विरघळते असं सिद्ध झालेलं नाही. गोमूत्राचंही तेच. आधीच मळमळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बळजबरीने ओतलं की ते भांड्याकडे बघायचंही सोडतं. फुटलेल्या गाठीवर चुना-हळदीचा लेप लावून आणलेलं कुत्रं पाहिलंय. वर्णन करत नाही. ‘केमिकल नको, झाडपाला हवा’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: वर सांगितलेलं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून काढतात, तीच अंगणातली गुलाबी सदाफुली. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर निघतं. हे वाचून कुणी पानं वाटून पाजू नका, ती विषारी आहेत.

भात-पोळी तोडणं तर उफराटंच. कॅन्सरमध्ये कुत्रं आधीच झिजतं, मांस उतरतं. खातंय ते काढून घेऊ नका. दहीभात, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याची कोंबडी, जे आवडेल ते थोडं थोडं द्या. बंद करायचंच असेल तर आपलं खानदेशी भरीत बंद करा. त्यातला लसूण आणि कांद्याची पात कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आजारी कुत्र्यात रक्त आधीच कमी असतं. शेवभाजीचा रस्साही त्यातच आला.

लागणीचं एका ओळीत: कुत्र्याचा कॅन्सर माणसाला होत नाही. फक्त किमो चालू असेल तर प्रत्येक डोसनंतर दोन-तीन दिवस त्याची लघवी-विष्ठा हातमोजे घालून काढा, आणि पोटुशी बाई, लहान पोरं यांना त्यापासून लांब ठेवा.

राहिला संकटाचा मुद्दा. हा खोडताना जपून बोलावं लागतं, कारण तो प्रेमातून येतो. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडेरायासोबत कुत्रं आहे, सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला जाणाऱ्या घरात असं वाटणं मी समजू शकतो. पण गाठ होते वय वाढल्याने, पेशींची नक्कल बिघडत गेल्याने, काही जातींत ती रक्तातच असल्याने. आणि समजा, मानलंच की त्याने तुमचं संकट घेतलं. मग त्याच्या दुखण्याच्या गोळीला पैसे काढताना हात आखडता का? ज्याने आपल्यासाठी एवढं केलं त्याला उन्हात देवळाच्या पायरीशी सोडून यायचं? प्राण्याला असं हाल होतील अशा जागी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

महापापाबद्दल १९२८ ची साबरमती आश्रमातली गोष्ट आठवावी. एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टर बोलावून, स्वतः समोर उभं राहून त्याला इंजेक्शन देववलं. देशभर गहजब झाला, शिव्याशापांची पत्रं आली, आणि त्यांनी लेख लिहून सांगितलं की हीसुद्धा अहिंसाच आहे. त्यांच्याशी कुणी असहमत असू शकतं. घरात कुणाचं मन तयार नसेल तर डॉक्टरही जबरदस्ती करत नाहीत. मग दुखण्याची औषधं शेवटपर्यंत नीट चालू ठेवावी लागतात. पण ज्यांनी निर्णय घेतला त्यांना पापी ठरवायचा अधिकार या मेसेजला कुणी दिला? योग्य रीतीने केलं तर आधी गुंगीचं औषध, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही सेकंदांत शुद्ध जाते, थोड्या वेळात हृदय थांबतं. डोकं मांडीवर घेऊन बसता येतं. उंदराचं औषध मागायला येणाऱ्यांना मात्र मी दुकानातून हाकलतो.

कधी ठरवायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. कॅलेंडरवर रोज एक खूण करा: दिवस बरा गेला की वाईट. खाल्लं का, स्वतः उठलं का, रात्री झोपलं का, एवढंच बघा. वाईट दिवस बऱ्या दिवसांपेक्षा जास्त दिसायला लागले की ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरकडे जा. घरातल्या पाच जणांची पाच मतं असतात, कॅलेंडर एकच असतं.

मेसेजची शेवटची ओळ आहे, ‘दुःख करू नका, लगेच दुसरं पिल्लू आणा.’ पिल्लू आणायचं तेव्हा आणा, लगेच की वर्षाने हे तुमचं तुम्ही ठरवा. मादी आणलीत तर माजावर यायच्या सुमाराला डॉक्टरला नसबंदीच्या ऑपरेशनची योग्य वेळ विचारून घ्या. लवकर केलं तर थानाच्या कॅन्सरचा धोका बराच घटतो, आणि मोठ्या जातीत सांध्यांसाठी थोडं थांबायला सांगतात. नर असेल आणि गावभर मोकळा फिरणार असेल तर त्याचंही करून घ्या. टीव्हीटी बहुधा त्या मोकळ्या फिरण्यातल्या संबंधातूनच येतो.