खिशातली कॅसेट

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं त्याचा 'नेब्रास्का' हा अल्बम कसा झाला ते सांगितलंय, तो लेख दोनदा वाचला. जानेवारी १९८२, घरातली खोली, चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. तेही बँडला गाणी कळावीत एवढ्यासाठी. पुढं बँडसोबत वाजवून पाहिलं तर कॅसेटवरचा एकटेपणा काही उतरेना. शेवटी खिशात घालून फिरवलेली तीच कॅसेट अल्बम म्हणून निघाली.

हे मला आतून पटलं. परभणीकडं आमच्या गावात आजोबांचे अभंग वडिलांनी टेपवर भरले होते. लाइट नसायची, म्हणून सेलवर. सेल उतरत गेले तशी टेप सावकाश फिरली, त्यामुळं आता नेहमीच्या वेगात लावलं की शेवटच्या अभंगात आजोबांचा आवाज पोरासारखा बारीक येतो. मधेच म्हैस हंबरते. नंतर काकांनी तेच अभंग स्टुडिओत गायले. सुरेल आहेत, पण घरात कुणी लावत नाही.

'नेब्रास्का'च्या त्या साध्या कॅसेटवरून तबकडी करताना तंत्रज्ञांना फार झटावं लागलं, त्यावर लेखात एकच ओळ आहे. ते सविस्तर यायला पाहिजे होतं. आमच्या कॅसेटला आता बुरशी धरायलीय. नीट साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देणारं मराठवाड्यात कुणी माहीत असेल तर इथंच सांगा.